निकम सर आणि न हलणारा आकडा

निकम सरांनी माझ्या कीबोर्डला कधी हात लावला नाही. माझ्याच काय, वर्गातल्या कुणाच्याच नाही. पाठीमागं हात बांधून, जरा वाकून ते खुर्चीमागं उभे राहायचे आणि वाट बघायचे. एकदा इरफाननं वैतागून माऊस त्यांच्यापुढं धरला, तर तापलेला तवा पुढं केल्यासारखे ते मागं सरकले.

"तुझं मशीन, तुझा हात. उद्या मी नसलो तर कुणाला हाक मारशील?"

उद्या मी नसलो तर, हे ते इतक्या सहज म्हणायचे की बाकीच्यांना त्यात काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मला कशातही काहीतरी वाटतं. गॅस बंद केला का, हे मी अजून पुन्हा पुन्हा जाऊन बघते. आता मी चेन्नईत असते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठं मोडतात, ते शोधायचं काम करते. इथली भाषा अजून माझ्या जिभेवर बसत नाही, पण पडद्यावरचा लाल मजकूर सगळीकडं सारखाच असतो, त्याचा आधार वाटतो. भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पडद्यावर बराच वेळ न हललेल्या आकड्याची. मग मी उठते, पाणी पिते, आणि सरांनी शिकवलं तसं तपासायला बसते. सर जाऊन काही वर्षं झाली.

सर मूळचे रहिमतपूरकडचे. फौजेत सिग्नलला होते, हवालदार म्हणून बाहेर पडले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं, माहेर सांगलीचं, म्हणून घर केलं ते सांगलीत, कृष्णेच्या काठालगतच्या गल्लीत. खाली संसार, वर संगणकाचा क्लास. जिन्याच्या तोंडाशी चपला काढायच्या, पण कशाही नाही. टाचा जिन्याकडं, टोकं रस्त्याकडं. कुणी उलट्या काढल्या तर सर स्वतः वाकून सरळ करायचे.

"पळायची वेळ आली तर पायात सरळ गेल्या पायजेत."

"कुठं पळायचंय सर?" असं कुणीतरी विचारायचंच.

"ते पळायच्या वेळी कळतं गड्या," एवढंच ते म्हणायचे आणि वर यायचे.

मी क्लासला आले तेव्हा मोठी होते, नोकरी करत होते. आम्ही जतकडचे, मेंढरंवाले. आठवीनंतर माझी शाळा सुटली, कारण कळपामागं फिरायचं तर कुठल्या गावच्या शाळेत जाणार? पुढं सांगलीला मावशीकडं आले आणि एका औषधाच्या दुकानात बिलं करायला लागले. ती बिलं करणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिला असणार, हे एक दिवस डोक्यात आलं आणि गेलंच नाही. बाकीच्या क्लासवाल्यांनी दाखला मागितला. सरांनी विचारलं, "शाळा कितवी?"

"आठवी."

"इंग्रजी वाचता येतं?"

"अक्षरं लावून."

सरांनी मान हलवली. "अक्षरं लावून वाचणारा माणूस मधलं काय गाळत न्हाई. बस तिथं खिडकीशी."

त्या खिडकीतून नदी दिसायची.

पहिल्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम अडला. खाली लाल ओळी आल्या. मला वाटलं, मशीन बिघडलं, आता भरून द्यावं लागणार. कीबोर्डवरचे हात मी मांडीवर ओढून घेतले. सर मागं येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"एरर आलाय सर."

"काय म्हणतोय?"

"लाल आहे."

"रंग न्हाई विचारला. वाच. मोठ्यानं."

मी अक्षरं लावत वाचलं. अख्खा वर्ग ऐकत होता. चुकले तिथं सरांनी थांबू दिलं, पण पुढचा शब्द सांगितला नाही. शेवटी ओळीचा नंबर आला. मी त्या ओळीवर गेले, तर तिथं काहीच चुकलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"मशीनला चूक कळती तवा ते पुढच्या दारात असतं," सर म्हणाले. "वरच्या घरात डोकावून बघ."

वरच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. तो टाकला आणि प्रोग्रॅम चालला. सर तोवर पुढच्या पोराकडं गेले होते. जाता जाता म्हणाले, "एरर म्हंजी शिवी न्हाई. पत्ता हाय. जो एरर सांगतो तो आपला माणूस. गप बसतो त्याला भ्यायचं."

हे शेवटचं वाक्य ते फार वेळा म्हणायचे.

"चालत नाही" हे दोन शब्द त्यांच्या वर्गात बंद होते. फौजेतल्यासारखा रिपोर्ट द्यायचा: मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. इरफान मिरजेचा, तंबोरे करणाऱ्या घरातला, जीभ कायम सैल. तो उठून सावधान उभा राहायचा. "सर, बटण दाबलं. खिडकी उघडायला पाहिजे होती. माझं नशीब उघडं पडलं." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हलायचं. "नशीब मागनं बघू. बटणाला काम जोडलंयस का? नुसतं बटण काढून ठेवलंय, त्याला सांगितलंयस काय करायचं ते?" नसायचंच सांगितलेलं.

त्यांची आणखी एक युक्ती मी आजही रोज वापरते. मी वेबपान शिकत होते. रंग बदलला, सेव्ह केलं, ब्राउझरमध्ये ताजं केलं. पान होतं तसंच. पुन्हा बदलला. तसंच. सगळी दुपार मी रंग बदलत होते आणि पान ढिम्म. सर आले.

"पानावर काहीतरी खोटं लिही."

"काय?"

"कायबी. मथळ्यात लिही, आज रविवार. मग बघ."

मी लिहिलं. पानावर रविवार आला नाही.

"म्हंजी तू जे लिहितीस आणि तू जे बघतीस, ती दोन येगळी पानं हायत. खोटं लिहून बघितल्याबिगर खरं कळत न्हाई." मी भलत्याच फोल्डरमधली प्रत उघडून बसले होते. त्याच नावाची, जुनी.

जाताना ते खिडकीशी थांबले आणि नदीकडं बघत राहिले. पावसाळा तोंडावर होता.

आमच्याकडं पाणी नसतं, त्यामुळं पुराची रीत मला त्या गल्लीत कळली. सांगलीत पूर आभाळातून येत नाही. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं, वाळत घातलेली धुणी सुकत असतात, आणि वर कोयनेकडं झालेला पाऊस नदीतून चालत येतो. श्रावण लागला की माणसं एकमेकांना बरं आहे का विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. सरांच्या गल्लीला चाळीस फुटाला पाणी लागायचं. आणि गल्लीची एक जुनी चाल होती. पाणी वाढायला लागलं की घाटाकडच्या भिंतीवर, पाणी टेकलंय तिथं, कुणीतरी गेरूनं रेघ ओढायचं. थोड्या वेळानं दुसरं कुणी जाऊन बघायचं, रेघ बुडाली का. बुडाली की वर नवी रेघ, आणि ओरडून गल्लीला सांगायचं. आदल्या पुराच्या रेघा भिंतीवर फिकट दिसायच्या, एकावर एक.

सरांनी गल्लीसाठी पान केलं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या एका सरकारी पानावरून आकडा घ्यायचा आणि आमच्या पानावर मोठ्या अक्षरांत दाखवायचा. बांधायला आम्ही सगळे होतो. गल्लीतल्या प्रत्येक फोनवर ते पान गेलं. पलीकडच्या घरातले बापू, निवृत्त मास्तर, खूश झाले. "आता भिंतीपर्यंत जायला नको म्हणायचं. नदीच खिशात आली."

सुरुवातीला कधीकधी आकडा यायचा नाही. मग पानावर तांबड्या पट्टीत यायचं, माहिती मिळत नाही. ते दिसलं की काकी घाबऱ्या व्हायच्या. फार आधीच्या एका पुरात त्या माहेरच्या घरात अडकल्या होत्या. पाण्यानं भरलेल्या खोलीत माळ्यावर बसून त्यांनी वाट बघितली होती आणि सर तेव्हा सीमेवर होते. तांबडी पट्टी दिसली की त्या सामान बांधायला काढायच्या आणि बहिणींना फोन लावायच्या.

एक दिवस मी लवकर आले, तर सर स्वतः कीबोर्डवर होते. एक ओळ टाकत होते. नवा आकडा मिळाला नाही तर शेवटचा मिळालेला दाखवायचा. पट्टी काढून टाकली.

मी बघत राहिले. त्यांना कळलं.

"हिला झोप लागत न्हाई गं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "अर्ध्या तासात येतोच की नवा आकडा."

मी खिडकीशी जाऊन बसले. मी कोण बोलणार?

नागपंचमी होऊन गेली होती. त्या दिवशी सर, इरफान आणि मी मिरजेला गेलो. इरफाननं त्याच्या चाचांच्या दुकानासाठी तंबोऱ्यांच्या ऑर्डरींचा प्रोग्रॅम केला होता. क्लासमध्ये तो झकास चालायचा. दुकानाच्या संगणकावर उघडला की मिटून जायचा.

"माझ्या मशीनवर चालतंय सर. आईशपथ," इरफान म्हणाला.

"मग चाचांना तुझं मशीनच दे बांधून. रिपोर्ट दे."

इरफाननं दिला. सर पाठीमागं हात बांधून, तंबोऱ्यांना लागणाऱ्या भोपळ्यांच्या राशीत उभे. मग सरांनी विचारलं, "तंबोऱ्यांचे फोटो कुठनं घेतोयस?"

"डी ड्राइव्हमधून."

"ह्या मशीनला डी हाय का?"

इरफाननं बघितलं. नव्हता. चाचा हसायला लागले. "डी नसलेल्या घरात पोरगा डी शोधतोय," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

सर हसले नाहीत. "आपल्याकडं जे हाय, ते सगळीकडं असतंय असं धरून चालतो माणूस," असं काहीतरी ते पुटपुटले, आणि खिशातून फोन काढला. पान बघितलं. अडतीस.

"सकाळी किती होतं?" त्यांनी मला विचारलं.

"अडतीस."

"निघताना?"

"अडतीसच सर."

बाहेर ऊन होतं. दुकानासमोरून एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन गेला. सर फोनकडं बघत होते.

"नदी अशी उभी ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "लॅपटॉप काढ. पानावर खोटं लिही."

मी मथळ्यात मिरज लिहून वर चढवलं. फोनवर ताजं केलं. मिरज आलं. म्हणजे पान जिवंत होतं. आकडा मेला होता.

"ती ओळ काढ."

कुठली, ते विचारावं लागलं नाही. मी काढली. पानावर तांबड्या मजकुराची ओळ आली.

"वाच."

त्यांना दिसत होतं. तरी ते म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी अक्षरं न लावता वाचलं. पलीकडचं सरकारी पान पहाटेपासून उत्तर देत नव्हतं. आमचं पान पहाटेचा आकडा दिवसभर दाखवत बसलं होतं.

सरांनी काकींना फोन लावला. आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"आवं, अडतीसच हाय की. मघाशीच बघितलं. चहा टाकलाय."

"पान ठेव. दार उघड."

"कशाला?"

"उघड गं."

कडी वाजली. मग काकींचा आवाज आला, अगदी बारीक. "तुळशीपाशी आलंय."

त्या वर्षी भिंतीवर गेरूची रेघ कुणी ओढली नव्हती.

चाचांचा टेम्पो होता, भोपळे आणायचा. त्यातच बसून आम्ही सांगलीला निघालो. गल्लीच्या चढावर टेम्पो थांबला, तिथून पुढं पाणी. गढूळ, आवाज न करणारं. सर पँट न दुमडता आत शिरले. सगळ्यात आधी आपल्या घरी जातील असं मला वाटलं. पण ते गल्लीच्या तोंडाच्या पहिल्या दारापासून सुरू झाले. प्रत्येक दारावर थाप आणि तेच बोल, तसेच, रिपोर्टसारखे.

"पान बंद पडलंय. चूक माझी हाय. बाहेर या."

बापू खिडकीतून म्हणाले, "पण सर, तुमच्या पानावर अडतीस आहे की अजून." त्यांनी पान सकाळचंच उघडं ठेवलं होतं.

"बापू, पाय कुठं हायत तुमचं?"

बापूंनी खाली बघितलं. पाण्यात होते.

काकी आपल्या दारात उभ्या होत्या, हातात एक पिशवी. सरांनी त्यांचा हात इरफानच्या खांद्यावर दिला आणि पुढच्या दाराकडं वळले. तिथं पाण्याखाली कशाचा तरी पत्रा त्यांच्या पोटरीला लागला. ते एकदा डगमगले, मग थाप मारली. माणसं एकेक करून चढावर आली. टेम्पोत भोपळ्यांमध्ये बसली. बापू थरथरत म्हणाले, "लहानपणी भोपळा पाठीला बांधूनच पोहायला शिकलो. आज परत आणून बसवलं," आणि दोघंतिघं हसले. कुणी मागं राहिलं नाही. अंधार पडायच्या आत सगळी शाळेच्या खोल्यांत पोहोचली.

तिथं काकींनी विचारलं. सगळ्यांसमोर, हळू आवाजात.

"का झाकलंत?"

"तू घाबरतीस म्हणून."

"मग घाबरू द्यायचं की मला," काकी म्हणाल्या. "घाबरले असते तर बांधून बसले असते. सवय हाय मला."

सर वाकून पायावरची गाठ आवळायला लागले. त्यांची पोटरी फडक्यानं बांधलेली होती आणि फडकं गढूळ झालं होतं. मी म्हणाले, सर, डॉक्टरांना दाखवा. "खरचटलंय," ते म्हणाले.

पाणी उतरलं. गल्ली चिखलातून वर आली. सर पोरांना घेऊन संगणक पुसत होते, घरांतून गाळ काढत होते. दुपारचे मधेच जिन्यात टेकायचे. काकींना सांगायचे, थकवा हाय. मला एकदा जिन्यात दिसले, भिंतीला गाल लावून. भिंत गार असते. मी हात लावला तर अंग चटके देत होतं. "हिला सांगू नकोस," ते म्हणाले. मी त्याच पायरीवरून काकींना हाक मारली.

तरी उशीर झालाच होता. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पुराच्या पाण्यातला ताप, जखमेतून आत जातो, आधी आणायला हवं होतं. काकी पॅसेजमध्ये बाकावर बसल्या. "पुन्हा लपवलं," त्या म्हणाल्या. एवढंच.

मला ज्या दिवशी चेन्नईचं बोलावणं आलं, त्या दिवशी मी सरांना भेटायला गेले. तिथल्या कंपनीची ओळख सरांनीच त्यांच्या फौजेतल्या दोस्ताकडून करून दिली होती. मुलाखतीत आठवीचं कुणी विचारलं नव्हतं. लाल मजकूर पुढं ठेवून, वाचा, म्हणाले होते. हे सगळं सरांना सांगायचं होतं. पण ते डोळे मिटून पडले होते, पिवळे पडलेले, नाकाला नळी. उशाला पडदा होता, त्यावर आकडे. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. काकी पायाशी.

मी वाकून सांगितलं. त्यांनी ऐकलं असावं. डोळे उघडले आणि माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघितलं.

"हलतोय का तो?"

"काय सर?"

"आकडा."

मी बघितलं. त्या क्षणी तरी तो हलत नव्हता.

सरांनी दुसऱ्या हातानं बोटाचा चिमटा काढून टाकला. पडदा ओरडायला लागला. सिस्टर धावत आली. "काका, काय करताय? काढायचा नाही तो."

"तपासत हुतो," सर म्हणाले. मिशीखाली काहीतरी हललं. "जिवंत हाय मशीन." आणि शहाण्या पोरासारखं बोट पुढं केलं. सिस्टरनं चिमटा लावला. पडद्यावर रेघा धावल्या, मग आकडा उमटला. मघापेक्षा कमी होता. बघता बघता आणखी एकानं उतरला.

"वाच," सर मला म्हणाले.

मी काकींकडं बघितलं. त्यांच्यासमोर हा आकडा कसा वाचायचा?

"मोठ्यानं. हिला ऐकू दे."

मी वाचला. जसा होता तसा.

काकी उठल्या. पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्याला लावला आणि पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पुढचा आकडा त्यांनी स्वतः वाचला.